सावलीची बाजू धरून चाला

कार्निव्हलला जाणाऱ्या लोकांना मी निघण्याआधीच्या शनिवारी ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये बोलावते आणि दर वर्षी तेच सांगते. आता ते इतकं तोंडपाठ झालंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. नवे बूट घालू नका; जे घालून तुम्ही भाजी आणायला जाता तेच घाला. कपडे सैल, सुती, फिक्या रंगाचे. दागिने घरी. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, त्याची झेरॉक्स खिशात. पैसे दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे एक खिसा कापला गेला तरी दुसरा राहतो. मोबाईल गळ्यात अडकवा, पण कपड्याच्या आतून. सकाळी पोटभर खाऊन निघा, कारण रस्ते एकदा बंद झाले की टॅक्सी मिळत नाही आणि खाण्याच्या गाड्यांसमोर रांगा लागतात. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. सावलीची बाजू धरून चाला, चार पावलं जास्त पडली तरी चालतील. अंगाला चमकी फासलीत तर ती साबणाने जात नाही, आधी तेल लावा. आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा अशी ठरवा, जी जागची हलत नाही.

इथे लोक हसतात. मग मी त्यांना सांगते की एका वर्षी एका कुटुंबानं ‘निळ्या हत्तीपाशी भेटू’ असं ठरवलं होतं. हत्ती चित्ररथावरचा होता. तो वाजतगाजत थेट समुद्रापर्यंत गेला आणि त्याच्यामागे अर्धं कुटुंब.

त्या शनिवारीही लोक हसले. दुसऱ्या रांगेत माझा मामा सगळ्यात मोठ्याने हसला, आणि त्याच्या शेजारी माझी मामी झोपली होती. मान एका बाजूला कललेली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, तोंड किंचित उघडं. दागिन्यांपर्यंत ती जागी होती, बहुतेक.

मामाचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. सगळं आयुष्य वाफेच्या इस्त्रीसमोर काढलं त्याने. माणूस मनाने लाख, पण एकदा घोड्यावर बसला की उतरणं माहीत नाही. आजी, म्हणजे त्याची आई, कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिचं सगळं मामीने केलं. सगळं म्हणजे सगळं. भरवणं, पुसणं, चादरी, औषधं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं. उन्हाळ्यात आजी गेली. दिवस होऊन जरा निवांत झालं, तसा मामा एक दिवस माझ्या ऑफिसात आला आणि टेबलावर थाप मारून म्हणाला, “ठमे, तुझ्या त्या कार्निव्हलची दोन तिकिटं काढ. हिला आता जग दाखवतो.”

मी चाळिशी ओलांडली तरी मामासाठी मी ठमीच आहे.

“मामीला विचारलंस?” मी म्हटलं.

“तिला काय विचारायचं? आनंदाने उड्या मारेल!”

मामी उड्या मारताना मी कधी पाहिली नव्हती. पण तिकिटं काढली.

हॉल रिकामा झाल्यावर मी मामीच्या खांद्याला हात लावला. ती दचकून उठली आणि उठता उठता म्हणाली, “आले, आले.” मग मला ओळखून ओशाळली. “डोळा लागला गं. छान सांगत होतीस.”

“काही विचारायचंय का, मामी? मनात काही शंका?”

बाकीचे लोक विचारतात पिसांचे पोशाख भाड्याने मिळतात का, फोटो काढलेले चालतात का, दारू कितीला मिळते. मामी म्हणाली, “तिथे खोलीचे पडदे जाड असतात का? म्हणजे दिवसा अंधार करता येतो का?”

मी हो म्हटलं. आणि मागच्या गल्लीकडची खोली देते, तिथे ढोल कमी ऐकू येतात, असंही सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर त्या अख्ख्या संध्याकाळचा पहिला आनंद दिसला.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मामीची बॅग पलंगावर उघडी होती. त्यात थर्मामीटर, मामाच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, बँडेज, मलम, पोटाची औषधं. तिचे स्वतःचे कपडे एका कोपऱ्यात चेपून बसवलेले.

“मामी, आपण सहलीला चाललोय, दवाखाना थाटायला नाही.”

“असू दे गं. लागलं तर धावाधाव नको.”

आजीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मामी बोलता बोलता दोनदा त्या दाराशी जाऊन बघून आली, कुणी हाक मारल्यासारखी. म्हणाली, “अजून रात्री जाग येते. उठून बसते, चपला शोधते, मग आठवतं.” एवढं बोलून ती बॅगची चेन ओढायला लागली.

तेवढ्यात मामा नवे बूट घालून बाहेरच्या खोलीतून आला. पांढरेशुभ्र, जाड तळाचे. मी कपाळाला हात लावला.

“अरे, शनिवारी मी काय सांगितलं होतं?”

“ते सामान्य लोकांसाठी. माझे पाय लोखंडाचे आहेत. दिवसभर उभा असतो मी.”

विमानात मामी झोपली. दुसऱ्या विमानात झोपली. विमानतळावरून हॉटेलकडे जाणाऱ्या बसमध्ये झोपली. बाहेर ताडाची झाडं, रंगवलेल्या भिंती, खांबाखांबांवर ताणलेल्या पताका, आणि काचेतूनही आत येणारी दमट गरमी. बाकीची मंडळी खिडक्यांना नाक लावून बसली होती. मामा प्रत्येक वळणावर तिला कोपराने ढोसत होता, “अगं बघ, बघ!” आणि ती डोळे उघडून “हो, छान आहे” म्हणून परत मिटत होती.

पहिल्या दिवशी गल्लीबोळांतल्या छोट्या मिरवणुका असतात. मोठ्या मिरवणुकीच्या आधीची ही चांगली तालीम, म्हणून मी गटाला त्याच आधी दाखवते. पायांना, कानांना, उन्हाला सवय होते. न्याहारीला मामा एकटाच खाली आला. तोंड फुगलेलं.

“झोपलीय,” तो म्हणाला. “पडदे ओढून, गुडूप. सात समुद्र ओलांडून माणसं इथे काय झोपायला येतात?”

“झोपू दे की रे. दमलीय.”

“कशाने दमलीय? आता घरात कुणाचं करायचंय?”

मी हातातली यादी उघडली. माझ्यासमोर चोवीस माणसं होती, त्यातल्या दोघांच्या बॅगा दुसऱ्याच शहरात गेल्या होत्या, आणि माझा डावा गुडघा पहाटेपासून ठणकत होता. या कार्निव्हलला मी किती वेळा आलेय ते मी मोजणं सोडून दिलंय. पहिल्या वर्षी मी ढोलांच्या मागे वेड्यासारखी नाचले होते, एवढं आठवतं. हल्ली मला मिरवणुकीत फक्त टोप्या दिसतात. आमच्या गटाच्या पिवळ्या टोप्या. मी त्या मोजत राहते, आणि एक कमी भरली की पुन्हा पहिल्यापासून मोजते.

संध्याकाळी मामा खोलीत गेला आणि दोघांचं वाजलं. माझी खोली शेजारीच. भिंती पातळ. मामाचा आवाज चढलेला, मामीचा ऐकूच येत नव्हता. मग एकदाच, स्वच्छ ऐकू आला.

“तुम्हाला नाच बघायचाय ना? बघा. मला झोप बघायचीय. किती वर्षं नुसती ऐकूनच आहे मी तिच्याबद्दल.”

त्यावर मामा काय बोलला ते कळलं नाही. पण सकाळी मामी न्याहारीला आली. सुजलेले डोळे, पिवळी टोपी, पायात जुनेच बूट. मामाने तिला आणली होती, आणि कुणाला तरी जिंकल्यासारखा तो सगळ्यांशी बोलत होता.

मोठी मिरवणूक सकाळी उशिरा सुरू होते आणि ऊन डोक्यावर आलं की ऐन रंगात येते. मी गटाला एका बंद बँकेच्या कमानीखाली उभं केलं. तिथे दुपारपर्यंत सावली असते, मागे एका कॅफेचं स्वच्छतागृह आहे आणि मदतकेंद्राचा तंबू दोन चौक सोडून. जागा मी वर्षानुवर्षांच्या चुकांमधून शोधलेली आहे. प्रत्येकाला पाण्याची बाटली दिली, मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या.

मामाने बाटली परत केली. “हातात कशाला ओझं?”

“मामा, ऊन बघ.”

“ऊन मला सांगतेस? आयुष्यभर इस्त्रीच्या वाफेत शिजलेला माणूस आहे मी. हे ऊन माझ्या दुकानातल्या सकाळएवढंसुद्धा नाही.”

वर गडद जांभळा, चमकदार शर्ट, खास घेतलेला, ज्यातून वाऱ्याची झुळूकसुद्धा आत जाणार नाही. खाली ते बूट. मी हात जोडले आणि टोप्या मोजायला लागले.

चित्ररथ आले. पंख पसरलेला मोर, त्याच्यामागे डोक्यावर फळांचे मनोरे घेतलेल्या बायका, मग पोपटांचे पोशाख केलेली तरणी पोरं, मग ढोलवाले. ढोल छातीत वाजतात, कानात नाही. मामाला राहवेना. तो दोरीखालून वाकून रस्त्यात शिरला आणि ढोलवाल्यांच्या मागे नाचायला लागला. गटाने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. खोटं कशाला बोलू, तो छान नाचत होता. पोट सुटलेला, साठीचा माणूस, दोन्ही हात वर करून, डोळे मिटून. क्षणभर मलाही हसू आलं. मामी कमानीच्या भिंतीला टेकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कौतुकही नव्हतं.

मामा त्या पथकाबरोबर चौकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मी दोनदा हाका मारल्या. तिसऱ्या खेपेला तो परत आला तेव्हा लंगडत होता, आणि वेगळाच चालत होता, रस्ता बोटीसारखा हलत असावा तसा.

“आईला पाणी दिलंस का?” त्याने मामीला विचारलं.

मामी भिंतीपासून सरळ झाली. तिने त्याच्या मानेला हात लावला, मग काखेत घातला. “ठमे,” ती म्हणाली. ती मला कधी ठमी म्हणत नाही. “अंग तव्यासारखं तापलंय आणि घाम नाही. हे बरं नाही. कुठे आहे तो तुझा तंबू?”

मी गटातल्या निवृत्त हेडमास्तरांना सांगितलं की कुणालाही इथून हलू देऊ नका. ते म्हणाले, “एकही हलणार नाही,” आणि खरोखरच, शाळेतल्यासारखे सगळे ओळीत उभे राहिले.

दोन चौक. पण त्या गर्दीत दोन चौक म्हणजे काय, ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. मामाला आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरलं. तो आधी नको-नको म्हणाला, मग काहीतरी दुकानाबद्दल बरळला, आणि मग त्याचे पाय गेले. अख्खा भार माझ्या अंगावर आला आणि माझा गुडघा दुमडला. मी तिथल्या भाषेत ओरडले. मला ती मोडकीतोडकी येते, पण ‘वाचवा’ नीट येतं. एका ढोलवाल्याने ढोल गळ्यातून काढून रस्त्यात ठेवला. दोन पोपट धावत आले. त्यांनी मामाला खांद्यांना आणि पायांना धरून उचललं, आणि ढोलवाला पुढे होऊन गर्दी बाजूला करत निघाला. हिरवी पिसं, जांभळा शर्ट, पांढरे बूट, आणि मागून पळणाऱ्या आम्ही दोघी. लोकांना वाटलं हाही मिरवणुकीतलाच एखादा देखावा. काहींनी टाळ्या वाजवल्या.

तंबूत एक धिप्पाड बाई होती. पांढरा कोट, आणि गालांवर चमकी; तीही सकाळी कुठेतरी नाचून आली असणार. तिने मामाकडे एक नजर टाकली आणि दोन माणसांना हाका मारल्या. शर्ट कात्रीने कापला. ओल्या चादरी, पंखा, मानेपाशी आणि काखेत बर्फाच्या पिशव्या, हाताला सलाईन. कुणी आरडाओरडा केला नाही, सगळं भराभर आणि शांतपणे.

मामी आपोआप पुढे झाली होती. तिने ओल्या चादरीचं एक टोक धरलं, ते मामाच्या छातीवर नीट केलं, बर्फाची घसरलेली पिशवी जागेवर लावली, मग त्याच्या पायातले बूट काढायला लागली. टाचांवर मोठाले फोड होते, एक फुटलेला. मामीने पर्स उघडली, मलम काढलं. तेवढ्यात त्या बाईने तिचा हात धरला. मऊपणाने, पण धरला. काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते?” मामीने मला विचारलं.

“म्हणते, तुम्ही बसा. हे माझं काम आहे, मी बघते.”

मामीला ते समजलं नाही. “तिला सांग, मला येतं हे. मी करते.”

मी सांगितलं. बाईने मान हलवली. मामीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खाली बसवलं, एक ओला टॉवेल पिळून तिच्या मानेवर टाकला आणि हातात पाण्याचा पेला दिला. पुन्हा तेच म्हणाली. ‘तुम्ही बसा. मी बघते.’ मग मामाकडे वळली.

मामी बसली. हातांचं काय करावं तिला कळेना. पेला या हातातून त्या हातात घेतला. दोन घोट प्यायली. आणि मग रडायला लागली. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी गळत होतं, टॉवेलचं की डोळ्यांचं ते सांगता येऊ नये असं.

बाईने मागे वळून पाहिलं आणि मला म्हणाली, “घाबरू नको म्हणावं. नवरा वाचेल. वेळेवर आणलंत.”

मी ते मामीला सांगितलं. मामीने नाक पुसलं.

“तिला सांग, मी त्यांच्यासाठी रडत नाहीये.”

हे मी काही त्या बाईला सांगितलं नाही. सांगता येण्याइतकी भाषाही मला येत नव्हती.

उन्हं कलायच्या सुमारास मामा भानावर आला. पहिलं वाक्य, “माझा शर्ट कुणी कापला?” म्हणजे माणूस सुखरूप होता. त्या बाईने दोन दिवस खोलीत पडून राहायला सांगितलं, आणि आम्ही त्याला चाकाच्या खुर्चीतून हॉटेलवर नेलं.

त्या संध्याकाळी खोलीत मामाचं सुरू झालं. अगं पाणी. अगं उशी वर कर. अगं पंखा. अगं कमी कर, गार लागतं. मामी प्रत्येक ‘अगं’ला उठत होती. दारात उभी राहून मी बघत होते, आणि मला आजीची खोली आठवत होती. दर सुट्टीत आम्ही भेटायला जायचो, आजीपाशी घटकाभर बसायचो, मामीच्या हातचा चहा प्यायचो आणि निघताना माझी आई म्हणायची, “तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं.” मग आम्ही आमच्या घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारावर टकटक केली. मामीने दार उघडलं. अंगात फिका सुती सदरा, पायात जुने बूट, डोक्यावर पिवळी टोपी.

“मी येते तुझ्याबरोबर,” ती म्हणाली.

आतून मामाचा आवाज आला. “आणि माझं काय?”

“पाण्याचा जग भरून ठेवलाय. गोळ्या उशाशी आहेत. फळं कापून ठेवलीत. फोनवर नऊ दाबलं की माणूस येतो, ठमी म्हणाली.”

“मला असं आजारी टाकून चाललीस?”

मामी दारात थांबली. मला वाटलं, आता ही परत फिरणार. तिचा एक हात चौकटीवर होता आणि मला दिसत होतं की तिचं अर्धं अंग आत ओढ घेतंय.

“हो,” ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

लिफ्टमध्ये तिने टोपी दोनदा सारखी केली. रस्त्यावर आल्यावर ती मी सांगितल्याप्रमाणे अगदी भिंतीच्या कडेने, सावलीतून चालायला लागली, इतकी काटेकोर की मला कसंसंच झालं. बँकेच्या कमानीखाली गट उभा राहिला. हेडमास्तरांनी टोप्या मोजायचं काम स्वतःहून घेतलं होतं. कालपासून त्यांना त्याची चटक लागली होती. मामी बँकेच्या पायरीवर बसली. शेजारची जागा हाताने झटकली.

“बस.”

“मामी, मला उभं राहायला लागतं. बघायला लागतं सगळ्यांकडे.”

“ते मास्तर बघतायत. बस.”

मी बसले. त्या पायरीसमोर मी किती वर्षं उभी राहिले होते, पण बसून मिरवणूक कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. खालून फक्त पाय दिसतात. चंदेरी बूट, अनवाणी पाय, टेप लावलेल्या टाचा, एका बाईचा सुटलेला पट्टा आणि तो फरफटत नाचणारी ती. मामीने संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

“तुला आवडतं का गं हे?” तिने विचारलं.

“सवय झालीय.”

“मलाही झाली होती,” ती म्हणाली. मग ढोलांच्या आवाजात मला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. “सगळे म्हणायचे, किती करते, किती करते. तुझी आई म्हणायची, शेजारी म्हणायचे. कौतुक करून करून मला त्या खाटेला बांधून ठेवलं. काल ती बाई म्हणाली ना, तुम्ही बसा. एवढ्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं कुणी, तर जिची भाषा मला कळत नाही तिने.”

मी संत्र्याच्या बिया तळहातात धरून बसले.

“आता तुझ्या मामांनी काकांना आणायचं ठरवलंय,” ती पुढे म्हणाली. “त्यांचे मोठे काका. तिकडे कुणी करत नाही त्यांचं. मला म्हणाले, परत गेलो की आणू, खोली रिकामीच आहे. विमानात बसल्यावर सांगितलं. म्हणून मी इथे येऊनही झोपत होते, ठमे. पुढची झोप आताच घेऊन ठेवावी म्हटलं.”

“तू नाही म्हण.”

“नाही कसं म्हणू? म्हाताऱ्या माणसाला काय रस्त्यावर ठेवायचं? येऊ दे त्यांना.” तिने सालं रुमालात बांधली. “पण मी एकटी नाही करणार.”

त्या दिवशी मामी नाचली वगैरे नाही. तसं काही व्हायचं नव्हतं. दुपारी एका पोपटाने, कालच्याच की दुसऱ्या कुणी, तिच्यापुढे वाकून हात पुढे केला, तेव्हा तिने हसून मान हलवली आणि त्याला उरलेल्या संत्र्याची फोड दिली. त्याने ती चोचीखालून तोंडात टाकली. आम्ही परत आलो तेव्हा तिचे पाय सुजले होते, डोकं दुखत होतं आणि एका कानाला दडे बसले होते.

मामा पलंगावर उठून बसला होता. जगातलं पाणी संपलं होतं. त्याने स्वतः ते पुन्हा भरून घेतलं होतं आणि निम्मं जमिनीवर सांडलं होतं.

“कसं होतं?” त्याने तोंड वाकडं करून विचारलं.

“गर्दी होती,” मामी म्हणाली. ती खुर्चीत बसली, बूट काढले. “काकांचं बोलायचंय. येऊ द्यात त्यांना. दिवसा एक बाई ठेवायची, तिच्यावर लक्ष मी ठेवीन. रात्री उठायचं तुम्ही. आणि रविवारी सगळं तुम्हीच.”

“मी? मला काय येतंय त्यातलं? दुकान कोण बघेल? तू तर—”

“मी शिकवीन.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मला खाली जायचंय, गटाचं जेवण आहे,” आणि तिथून सटकले. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये. पण दाराबाहेर थोडी थांबले, हे खरं. आत पलंग करकरला. मग मामा म्हणाला, “तुझे पाय सुजलेत,” आणि मामी म्हणाली, “हो.”

परत आल्यावर महिनाभरात काका आले. हाडांचा सांगाडा, पण डोळे मिश्कील. आणि एका पहाटे, मी चहाचं आधण ठेवत होते, तेव्हा मामाचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

“ठमे, काकांना कुशीवर करताना माझी कंबर धरते. कसं करायचं ते?”

“मामीला विचार ना.”

“झोपलीय ती. उठवायचं नाही अशी ताकीद आहे.” त्याने जांभई दिली. मग हळूच म्हणाला, “ठमे, ही हे रोज रात्री तीन-तीनदा करत होती का गं?”

“हो, मामा.”

“मला वाटायचं, एखाद वेळेस.”

लोकांना उन्हात कसं चालायचं ते मी वर्षानुवर्षं सांगतेय, पण अंथरुणातल्या माणसाला कसं वळवायचं ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

रविवारी मी गेले. मामी आंघोळ करून, केस मोकळे सोडून खुर्चीत बसली होती, हातात चहा. मामा आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना. काका मध्ये, आम्हा दोघांकडे बघून गालात हसत.

“चादर दुमडून घ्या आधी,” मामी बसल्या जागेवरून म्हणाली. “आता त्यांचा पलीकडचा गुडघा वर करा. अहो, ओढू नका. ठमे, तुझा हात खांद्याखाली. पाठीतून जोर लावू नको, पायातून लाव. हं. आता दोघांनी एकदम.”

आम्ही दोघांनी जोर केला. काका कुशीवर झाले आणि मामाच्या कमरेतून कट्कन आवाज आला. तो भिंत धरून उभा राहिला, घामाने निथळत.

“जमलं?” त्याने विचारलं.

“अर्धं,” मामी म्हणाली. “पाठीमागे उशी लावायची राहिली.”